आठ दिवसांचा प्रवास आणि हिवताप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या सहल-समितीने यंदा मोठीच उडी घेतली आहे. आजवर आपण अष्टविनायक केले, कन्याकुमारी केली, फार झाले तर काशी केली. आता पंचवीस भगिनी केनियाला निघाल्या आहेत. नैरोबी, मसाई मारा, अंबोसेली आणि शेवटी मोंबासाचा समुद्रकिनारा, असा आठ दिवसांचा बेत ठरला आहे. सिंह पाहावयाचे, हत्तींचे कळप पाहावयाचे, आणि वेळ मिळाला तर तिकडच्या मराठी मंडळींना भेटावयाचे. समितीने मला सांगितले, ‘‘डॉक्टरीणबाई, प्रवासात घ्यावयाच्या काळजीविषयी दोन शब्द सांगा.’’ काळजीचे विषय अनेक आहेत. परंतु आज मी एकच घेणार आहे. तो म्हणजे हिवताप, अर्थात मलेरिया. हा एक विषय पक्का समजला, तर बाकीचे तुम्ही मला न विचारताही निभावून न्याल.

यादी वाचून झाल्यावर बऱ्याच जणींनी मला निरनिराळी उत्तरे आधीच देऊन ठेवली आहेत. कोणी म्हणाल्या, ‘‘आठच तर दिवस जायचे!’’ कोणी म्हणाल्या, ‘‘आम्ही काय विलायतेतून आलो आहोत? डासांतच तर वाढलो.’’ एकीने सांगितले, ‘‘मी लस टोचून घेतली आहे, आता भीती कसली?’’ ही तिन्ही उत्तरे आपल्याकडील घराघरांत ऐकू येतात, म्हणून आधी त्यांचाच विचार करू.

पहिले उत्तर आठ दिवसांचे. हिवतापाचा जंतू अ‍ॅनाफेलिस जातीच्या डासाच्या मादीतून आपल्या अंगात शिरतो. तो शिरण्यास आठ दिवस लागत नाहीत. एका रात्रीचा एक चावा त्याला पुरेसा होतो. चावल्यावर साधारण अर्ध्या तासात जंतू रक्तातून निघून यकृतात जाऊन बसतात. तेथे ते गुपचूप वाढतात. आपल्याला ना ताप, ना दुखणे. कमीत कमी सात दिवसांनी, पुष्कळदा त्याहून उशिरा, ते यकृत सोडून रक्तात उतरतात, रक्तातील तांबड्या पेशींत घुसतात, आणि मग थंडी वाजून ताप भरतो. हिशेब करून पाहा. आठ दिवसांच्या सहलीत तिसऱ्या रात्री डास चावला, तर ताप येईल तो बहुधा घरी परतल्यावर. बॅगा रिकाम्या झालेल्या असतील, फोटो शेजारणीला दाखवून झालेले असतील, आणि सहलीचा आणि तापाचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. थोड्या दिवसांच्या प्रवासाचा खरा धोका हाच आहे. तेथे असताना मनुष्य ठणठणीत असतो, म्हणून तो निर्धास्त राहतो.

दुसरे उत्तर डासांत वाढल्याचे. वारंवार हिवताप होणाऱ्या माणसाच्या अंगी त्या रोगाशी झुंजण्याची थोडी ताकद येते, हे खरे आहे. पण ती अर्धवट असते, आणि त्या मुलखातून माणूस दूर गेला की ती ओसरते. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत पंचवीस वर्षे राहिलेल्या बाईच्या अंगी ती मुळीच नसते. शिवाय आपल्याकडील हिवताप आणि तिकडचा हिवताप यांत फरक आहे. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या दोन्ही जातींचे जंतू आढळतात. आफ्रिकेत बहुतेक सगळा हिवताप फाल्सिपेरमचा असतो, आणि माणसाचा जीव घेणारी मुख्य जात तीच. तिच्यावर उपचार झाले नाहीत, तर चोवीस तासांतही दुखणे हाताबाहेर जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्या मृत्यूंपैकी शंभरात पंच्याण्णव आफ्रिका खंडातले होते, आणि त्यांत बहुसंख्य पाच वर्षांच्या आतील मुले होती.

तिसरे उत्तर लशीचे. केनियाला जाणाऱ्या सगळ्या भगिनींना टोचून घ्यावी लागते ती पिवळ्या तापाची लस. तिचा दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळे ठेवतात. ती लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी. आणि साठी उलटलेल्यांनी पहिल्यांदाच ती घेताना डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. पण ती लस पिवळ्या तापाची आहे. हिवतापाशी तिचा काडीचाही संबंध नाही. हिवतापावर दोन लशी निघाल्या आहेत; २०२१ व २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली. परंतु त्या हिवतापाच्या मुलखात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत, आपल्यासारख्या प्रवाशांसाठी नाहीत. आपल्या हाती उरतात ती दोन साधने : डासाला चावू न देणे आणि गोळ्या घेणे. यांतले एक घेऊन दुसरे सोडावयाचे नाही.

आपल्या देशाला हा रोग काही नवा नाही. १८९७ साली ऑगस्टच्या २० तारखेला सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून डासच हा रोग पसरवतो, हे त्याने दाखवून दिले. तोवर लोक दलदलीच्या दूषित हवेला दोष देत. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत. १९५३ साली सरकारने नियंत्रणाची मोहीम काढली. फवारणीवाले घरात येऊन डी.डी.टी. मारून जात आणि भिंतीवर तारीख लिहून ठेवीत, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. साठाच्या सुमारास रोग जवळजवळ हटला. मग आपण सैल पडलो, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. आज तो पुष्कळ आटोक्यात आहे, तरी आपल्या गडचिरोलीच्या जंगलपट्टीतून तो अजून गेलेला नाही. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने मात्र चिकाटी धरली आणि २०१६ साली तो देश हिवतापमुक्त ठरला. रोग आटोक्यात येतो, पण काळजी घेणारांच्याच घरी येतो, एवढा धडा त्यात आहे.

आता आपल्या सहलीकडे वळू. केनियात २५०० मीटरपेक्षा कमी उंचीच्या सगळ्या मुलखात हिवतापाची शक्यता धरावयाची असते. नैरोबी शहर उंचावर आहे, तेथे धोका कमी. व्हिक्टोरिया सरोवराचा काठ आणि मोंबासाचा किनारा येथे धोका जास्त. अभयारण्येही सुटलेली नाहीत. म्हणून ‘‘नैरोबीत डास नाहीत, मग गोळ्या कशाला?’’ असे तिकडच्या कोणा भाच्याने फोनवर सांगितले, तरी त्याचे ऐकू नका. भाचा नैरोबीत राहतो; आपण नैरोबीबाहेर जाणार आहोत. परदेशातून हिवताप घेऊन येणाऱ्या प्रवाशांत नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांची संख्या मोठी असते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. कारण उघड आहे. हॉटेलात जाणारा मनुष्य सावध असतो. बहिणीच्या घरी जाणारा म्हणतो, हे तर आपलेच घर!

डास केव्हा चावतो? डेंग्यूचा डास दिवसा चावतो. हिवतापाचा डास सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत. म्हणून दिवसभर सिंह पाहा, पण दिवे लागणीच्या वेळी तयारीत असा. त्या सुमाराला उघड्या ओसरीवर चहा घेत बसण्याची तिकडे पद्धत आहे. तेव्हा अंगभर कपडे हवेत. आपल्या साडीचा मला अभिमान आहे, पण डासाच्या दृष्टीने ती सोयीचीच आहे. पाठ उघडी, कंबर उघडी, दंड उघडे, आणि घोटे तर हमखास उघडे. आफ्रिकेतल्या डासांना माणसाचे पाय आणि घोटे विशेष आवडतात. म्हणून संध्याकाळसाठी लांब बाह्यांचा सदरा, सैल विजार किंवा सलवार, आणि पायमोजे. रंग फिकट असावा. आठ दिवस आपल्याला कोणी नावे ठेवणार नाही. ठेवली तरी ती आफ्रिकेतच राहतील.

उघड्या राहणाऱ्या अंगाला डास पळविणारे मलम किंवा फवारा लावावा. बाजारात पुष्कळ प्रकार मिळतात. बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. डीट नावाचे द्रव्य शेकडा २० ते ५० असेल, किंवा पिकारिडिन शेकडा २० असेल, तर ते चांगले. उन्हाचे मलम लावावयाचे असेल तर ते आधी, डासांचे नंतर. घाम आला, हातपाय धुतले, की पुन्हा लावावे. कपड्यांच्या आतल्या अंगाला लावू नये. डोळे, ओठ आणि जखमा वाचवाव्यात. नात बरोबर असेल तर तिच्या तळहातांना लावू नये, कारण मुलांचे हात तोंडात जातात.

या ठिकाणी मला काही जणींचा रोष पत्करावा लागणार आहे. कापराच्या वड्या, कडुनिंबाचे तेल, गवती चहाच्या वासाचे तेल, लसूण खाणे, मनगटाला बांधावयाचे सुवासिक पट्टे, यांवर या प्रवासात विसंबू नका. काहींचा वास डासाला क्षणभर नकोसा होतो, काहींचा तोही होत नाही. घरी तुळशीपाशी बसताना कापूर जाळा, मी नको म्हणणार नाही. परंतु फाल्सिपेरमच्या मुलखात अर्ध्या घटकेचे संरक्षण म्हणजे संरक्षणच नव्हे. हिवताप टाळण्याच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्याही कोणी देते. त्यांनी हिवताप टळतो याला पुरावा नाही.

रात्री झोपताना मच्छरदाणी. पर्मेथ्रिन नावाचे औषध लावलेली मच्छरदाणी सर्वांत चांगली. तिला टेकलेला डास मरतो. लॉजमध्ये बहुधा ती असते, पण असेल तशी चालवून घेऊ नका. अंधार पडण्याआधी ती सोडा, गादीखाली चहूबाजूंनी खोचा, आणि दिव्याच्या उजेडात भोके पाहा. आपल्या पिशवीत सुई-दोरा असतोच. दोन टाके घातले की काम झाले. झोपताना हात-पाय जाळीला टेकू देऊ नयेत, कारण डास जाळीबाहेरूनही चावतो. खिडक्या बंद करून वातानुकूलित खोलीत झोपणार असाल तर धोका कमी होतो; विजेवरची डासांची वडी लावली तर आणखी कमी होतो. तंबूत राहावयाचे असेल तर त्याची साखळी आत जाता-येताना लगेच ओढून घ्यावी.

आता गोळ्यांविषयी. येथे माझी पहिली विनंती अशी की, आपापसांत गोळ्या वाटून घेऊ नका. लोणचे वाटावे, गोळ्या वाटू नयेत. प्रत्येकीची प्रकृती वेगळी. प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडे जा, रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयाची जी औषधे चालू असतील ती सगळी बरोबर न्या, आणि विचारा.

पूर्वी लोक क्लोरोक्विन घेऊन निघत. आफ्रिकेतले फाल्सिपेरम त्याला आता जुमानत नाही. कपाटातल्या जुन्या गोळ्या म्हणून उपयोगाच्या नाहीत. आज प्रवाशांना मुख्यतः तीन औषधे देतात. पहिले अ‍ॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची जोडगोळी. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करावयाची, रोज एक, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर, आणि परतल्यावर सात दिवस. मूत्रपिंडाचा मोठा विकार असणाऱ्यांना ती चालत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी घेणारींनी डॉक्टरांना तसे सांगावे. दुसरे डॉक्सिसायक्लिन. तेही एक-दोन दिवस आधी, रोज एक, परंतु परतल्यावर चार आठवडे. ही गोळी पोटभर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यावी, आणि लगेच आडवे होऊ नये. नाहीतर घशाखाली जळजळते. उन्हाने कातडी लवकर भाजते, आणि स्त्रियांना कधी कधी खाजेचा त्रास होतो. संकोच न करता तो डॉक्टरांना सांगावा, त्यावर उपाय आहे. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध देत नाहीत. तिसरे मेफ्लोक्विन. ते आठवड्यातून एकदा. दोन-तीन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. ज्यांना फिट्स येतात किंवा ज्यांना मनाच्या आजाराचा त्रास आहे वा होऊन गेला आहे, त्यांनी ते घेऊ नये.

परतल्यावरही गोळ्या का, हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. मघाशी मी यकृताचे सांगितले, ते आठवा. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू आपण मुंबईस उतरतो तेव्हा यकृतात लपलेले असतात. जोडगोळी त्यांना यकृतातही गाठते, म्हणून तिला सात दिवस पुरतात. बाकीची दोन औषधे जंतू रक्तात उतरल्यावर मारतात. म्हणून ते उतरेपर्यंत चार आठवडे पहारा ठेवावा लागतो. घरी आलो, आता कशाला, म्हणून गोळ्या सोडणे म्हणजे चोर माळ्यावर असताना पहारेकऱ्याला सुट्टी देणे. आपल्या आठ दिवसांच्या सहलीचा हिशेब असा : जोडगोळी दोन, आठ आणि सात मिळून १७. डॉक्सिसायक्लिन दोन, आठ आणि अठ्ठावीस मिळून ३८. मोजून घ्या, आणि येथूनच घेऊन जा. ऐनवेळी दुकानात मिळतीलच असे नाही. त्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग कधी कधी दुसऱ्याच गावी जाते.

गरोदर मुलगी किंवा सून बरोबर येणार असेल, तर मी स्पष्टच सांगते, तिला या वेळी नेऊ नका. गरोदरपणी डास अधिक चावतात, हिवताप अधिक जोराचा होतो, आणि आई व बाळ दोघांनाही धोका असतो. सिंह पुढच्या वर्षीही तेथेच असतील.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. मच्छरदाणी आणि गोळ्या दोन्ही नीट पाळल्या, तरी शंभर टक्के हमी कोणी देत नाही. म्हणून परतल्यावर ताप आला तर काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीगत सांगते. नाव-गाव सांगत नाही. वय पंचावन्नच्या आसपास. पुतण्याच्या लग्नासाठी त्या नऊ दिवस मोंबासास जाऊन आल्या. गोळ्या घेतल्या नव्हत्या. परतल्यावर बाराव्या दिवशी ताप आला, अंग मोडून आले, दोनदा उलटी झाली. दिवस पावसाळ्याचे होते. जवळच्या डॉक्टरांनी डेंग्यू तपासला, तो निघाला नाही; तेव्हा साथीचा ताप म्हणून औषध दिले. बाईंनी प्रवासाचे सांगितले नाही, आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले व त्या असंबद्ध बोलू लागल्या. माझ्याकडे आणल्यावर लेकीच्या बोलण्यात सहज ‘‘आफ्रिकेहून आल्यापासून’’ हे शब्द आले, आणि सगळा उलगडा झाला. तासाभरात रक्त तपासले, फाल्सिपेरम सापडला. लगोलग मोठ्या रुग्णालयात हलवून शिरेतून आर्टेसुनेट दिले. हे औषध ज्या द्रव्यापासून बनते त्याचा शोध लावणाऱ्या तू यूयू या चिनी विदुषीला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाई आठ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. आज त्या नातवंडांत आहेत. पण त्यांचे प्राण लेकीच्या तोंडून सहज निघालेल्या दोन शब्दांवर अवलंबून राहिले होते, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हा भगिनींनो, ते शब्द आपण स्वतःच बोलावयाचे. तिकडे पोहोचल्यापासून सात दिवसांनंतर, आणि परतल्यावर विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कोणताही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एक वर्षापर्यंत ताप आला तरी डॉक्टरांना प्रवासाची गोष्ट सांगा, कारण व्हायवॅक्ससारख्या जाती यकृतात महिनोन्महिने दडून राहतात. थंडी वाजून एकाआड एक दिवस येणारा तापच हिवतापाचा, असे समजू नका. आरंभी तो रोजचा असू शकतो. डोकेदुखी, जुलाब, खोकला यांच्या रूपानेही येतो. काचपट्टीवरील पहिली तपासणी स्वच्छ निघाली, तरी ताप हटत नसेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि जरूर पडल्यास तिसऱ्यांदा तपासणी मागा. मागताना भीड धरू नका. आपण बायका नवऱ्याच्या, मुलांच्या दुखण्यासाठी दवाखान्यात भांडतो. स्वतःचा ताप मात्र काढा पिऊन, पदर खोचून, अंगावर काढतो. एरवी त्याला सोशिकपणा म्हणत असतील. या तापात तो जिवावर बेततो.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. सहलीच्या प्रत्येक भगिनीला एक लहानसे कार्ड द्यावे. त्यावर एवढेच लिहावे : ‘‘मी अमुक तारखेस केनियाहून परतले आहे. ताप असल्यास हिवतापासाठी रक्त तपासावे.’’ ते वर्षभर पर्समध्ये राहावे, आणि त्याची एक प्रत घरी फ्रिजच्या दारावर लावावी, म्हणजे आपण बोलू शकलो नाही तरी घरचे बोलतील. खर्च काही फार नाही; छपाई समितीच्या भगिनी तो सहज उचलतील.

सहल आनंदाची होवो. सर्वजणी सिंह पाहून, फोटो काढून, सुखरूप परत या, आणि पुढच्या वर्धापनदिनी याच व्यासपीठावरून आम्हा घरी राहिलेल्यांना प्रवासवर्णन ऐकवा.